पेवाची चाळीस पावलं

सासर कुठलं असं कुणी विचारलं की मी पूर्वी दुधनी सांगायची. दुधनीला आगगाडीचं स्टेशन होतं, बाजार होता, नाव घेतलं की ऐकणारा निदान मान तरी डोलवायचा. खरं सासर तिथून दोन कोसांवर, आणि त्या गावाचं नाव सांगून काही उपयोग नसे. माझ्या लग्नानंतर वडिलांनी वैरागहून पाठवलेलं पहिलं पत्र त्याच नावाच्या दुसऱ्या कुठल्या तरी गावाला जाऊन दीड महिन्यानं त्यांच्याच हाती परत आलं होतं. आताही मी ते नाव लिहीत नाही. पुढं जे लिहायचं आहे त्यात गावाची चूक थोडी आणि माझी फार आहे.

वडील शाळामास्तर होते, त्यामुळं मी चौथीपर्यंत शिकले होते. त्या काळी एवढ्या शिक्षणावर मुलीला चांगलं घर मिळायचं, किंवा मिळायचं नाही. माझ्या बाबतीत मिळालं. सासरी शेती होती, चार बैल होते, आणि शिकलेली सून आणली म्हणून मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोठं कौतुक होतं. सासूबाईंना नव्हतं. त्या निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायच्या. पाण्याला नीरु म्हणायच्या, जेवणाला ऊटा म्हणायच्या, आणि रागावल्या की शुद्ध मराठीत यायच्या, मला नीट कळावं म्हणून.

गाव म्हणजे पाऊणशे उंबरा. पांढऱ्या मातीची माळवदाची घरं, एकमेकांना खांदा लावून उभी. उन्हाळ्यात माळवदावर ज्वारी, मिरच्या, सांडगे आणि माणसं एकत्रच वाळत पडायची. पूर्वेला काळी रानं, पश्चिमेला मुरमाड माळ, दक्षिणेला ओढा. ओढ्याच्या अलीकडं संस्थानचा अंमल, पलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. नवीन आले तेव्हा मला वाटायचं, पलीकडं काहीतरी निराळं असेल. पण तिकडंही तशाच बाभळी होत्या, तसाच फुफाटा होता आणि कुत्रीसुद्धा दोन्ही राज्यांत सारखीच भुंकायची. गावात काही घडत नसे. कुणाची म्हैस व्याली तर तीन दिवस खरवस आणि पाच दिवस चर्चा.

ज्वारी निघाली, कडबा रचून झाला, रानं मोकळी पडली की माळावरून धनगरांची मेंढरं उतरायची. आमच्या रानात कित्येक वर्षं एकच धनगर मेंढरं बसवायचा. त्याच्या बापानं मामंजींच्या बापाच्या रानात बसवली होती, असा तो वारसा. मेंढरं रात्री रानात बसली की लेंड्यामुताचं खत पडतं, आणि त्याच्या बदल्यात धनगराच्या घराला ज्वारी जायची. तो माणूस उंच, हाडकुळा, बोलायला कमी. उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी. मामंजी त्याला 'आमच्या रानाचा डाक्टर' म्हणायचे, आणि तो आला की दोघं बांधावर तासन्‌तास बसायचे. काय बोलायचे देव जाणे, कारण मी भाकरी घेऊन गेले तेव्हा दोघंही गप्पच असायचे. मला तो अक्का म्हणायचा. मी त्याच्या मुलीच्या वयाची होते, पण मालकाची सून म्हणून अक्का.

आता पेवाचं सांगते, कारण हल्ली पेव पाहिलेली माणसं कमी. गावाच्या पूर्वेला मारुतीचा पार होता आणि त्याच्यापुढं उंचवट्यावरचं कठीण, कोरडं रान. तिथं सगळ्या गावाची पेवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोल विहीरच, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत कडब्याचं आणि भुसाचं अस्तर लावायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची, चिखल-शेणानं लिंपायचं आणि वर हातभर माती सारून रान सपाट करायचं. मग वर्ष जावो की पाच वर्षं जावोत, दाणा जसाच्या तसा. वर खूण मात्र काही ठेवायची नाही, न दगड न खुंटी, कारण खूण धन्याला दिसते तशी चोरालाही दिसते. पारापासून अमुक दिशेला अमुक पावलं, एवढाच पत्ता. तो घरच्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात असायचा आणि मरताना तो मुलाच्या कानात सांगायचा.

या पेवांच्या रानात बाईनं पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता. बाईची सावली पडली की पेवाला कीड लागते म्हणे. ज्वारी पेरायला बाई, खुरपायला बाई, काढायला बाई, दळायला बाई, भाकरी थापायला बाई; मधल्या पेवापुरती तेवढी बाई वाईट. हे मी तेव्हा मनातल्या मनात म्हणायची. तोंडानं म्हणायची सोय नव्हती, कारण लग्नानंतर पहिल्याच वर्षी आमचा एक बैल गेला आणि रानातली विहीर आटली, आणि सासूबाईंच्या तोंडी एक शब्द यायला लागला होता: पायगुण. पुढच्या वर्षी माझं पहिलं मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं. त्यानंतर तो शब्द घरातून बाहेर पडला आणि आडावरच्या बायकांपर्यंत पोचला. मी घागर घेऊन गेले की बोलणं थांबायचं.

त्याच वर्षी ज्वारी मात्र अशी पिकली की कणसं हाताच्या मुठीत मावेनात. मामंजींनी ठरवलं की यंदा एक पेव जास्तीचं भरायचं आणि वाईट वर्षासाठी राखून ठेवायचं. चैत्राचे दिवस होते. पेव जवळजवळ भरून झालं होतं. यजमान आणि धाकटे दीर गाड्या घेऊन दुधनीला गेले होते, सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. घरात मी आणि मामंजी. दुपार कलली आणि अक्कलकोटच्या बाजूनं आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस. पेवाचं तोंड उघडं, शेवटची पोती बाहेर पडलेली. पाऊस आत गेला असता तर सगळी ज्वारी कुजली असती.

मामंजी पळत घरी आले. धनगर मेंढरं कुत्र्यावर सोपवून आधीच पेवाकडं धावला होता, पण दोघांना ते आवरणारं नव्हतं. मामंजी दारात उभे राहिले, क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पाटी घे आन्‌ चल." मी म्हटलं, मी कशी येऊ. ते म्हणाले, "दान्याला बाय-बाप्या कळत न्हाय. चल."

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या रानात पाऊल ठेवलं. भुसा वाहिला, चिखल कालवला, फरशी सरकवताना दोघांच्या बरोबरीनं जोर लावला. धनगर आणि मामंजी माती ओढत होते आणि मी पायांनी दाबत होते. पहिले टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा रान सपाट झालं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. मामंजीही हसले. मग ते म्हणाले की तू शिकलेली हायस, तुझ्या मोजण्यात चूक व्हायची न्हाय, पारापास्नं हितवर चालत ये आन्‌ पावलं मोज. मी पारापर्यंत पळत गेले आणि तिथून पदर खोचून, उगवतीकडं तोंड करून मोजत आले. ओलं नऊवारी लुगडं पायात अडकत होतं. बरोबर चाळीस. मामंजींनी तो आकडा दोनदा तोंडात घोळवला.

परत निघताना ते आम्हा दोघांना म्हणाले की आज हिथं सून आली होती हे कुणाला कळता कामा नये. हिच्या मागं आधीच लोक लागलेत. धनगरानं गळ्यातल्या भंडाऱ्याच्या पिशवीला हात लावला आणि मान हलवली. गावात सांगितलं गेलं ते एवढंच, की मालकांनी आणि धनगरानं मिळून पेव झाकलं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात मामंजी गेले. चार दिवसांच्या तापानं गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी यजमानांना जवळ बोलावून सांगितलं, पारापास्नं उगवतीला चाळीस पावलं. मग त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं मी उभी होते. त्यांच्या तोंडून शब्द आला नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. घरातल्या बाकीच्यांना वाटलं, पाणी मागतात. मी पाणी आणलं.

त्यानंतरचं साल वाईट निघालं. हस्त कोरडा गेला, रब्बी उगवून करपली. फाल्गुनात बायका माळावर मिळेल तो रानपाला भाजीला खुडायला लागल्या. आमच्या घरात मात्र धीर होता, कारण मामंजींचं पेव होतं. चैत्रात यजमानांनी ते उघडायचं ठरवलं.

गावातली चार मोठी माणसं बरोबर घेऊन ते पारावर गेले. यजमान चांगले चार हात उंच असतील. चालायला लागले की मला मागून धावावं लागायचं. त्यांनी पारापासून ढांगा टाकत चाळीस पावलं मोजली आणि तिथं खणायला लावलं. मी घराच्या माळवदावर वाळवण राखत उभी होते. तिथून ते रान दिसायचं. माणसं जिथं थांबली ती जागा बघूनच मला कळलं, फार पुढं गेले. बरंच पुढं.

मला वाटलं, काही लागणार नाही, मग इकडंतिकडं खणतील आणि सापडेल. पण ते पेवांचंच रान. खणलं तिथं फरशी लागली. कुणाचं तरी जुनं, पणजा-खापरपणजाच्या काळात रिकामं करून विसरलेलं पेव असणार. पण आकडा जुळला होता, म्हणजे पेव आपलंच. फरशी काढली. रीतीप्रमाणं लगेच दोरीला दिवा बांधून आत सोडला. भरलेल्या पेवातली हवा विषारी असते, दिवा विझतो. विझला तर माणूस उतरत नाही. त्या दिवशी दिवा विझला नाही. संथ जळत तळापर्यंत गेला आणि तळाला मूठभर कुजका भुसा तेवढा दिसला.

जाणती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दिवा जळतो याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता: हे पेव नुकतंच कुणीतरी उघडलं आहे, हवा खेळली आहे, दाणा गेला आहे. रिकाम्या पेवाची फरशी तडकली असेल, वर्षानुवर्षं वारा जात असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि पेव झाकताना मामंजींच्या बरोबर कोण होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

धनगर ओढ्याकाठच्या रानात मेंढरं घेऊन उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चावडीत बोलावलं. आम्ही बायका समोरच्या घराच्या पडवीत भिंतीच्या आडोशानं उभ्या होतो. सासूबाई माझ्या पुढंच होत्या, त्यांच्या खांद्यावरून मला चावडी दिसत होती. गावकऱ्यांनी त्याला विचारलं. त्यानं सांगितलं, ते पेव मालकांचं नव्हेच. मग मालकांचं कुठलं ते दाखव, असं माझे दीर ओरडले.

"दावलं तर म्हनशिला, ह्याला जागा ठावी व्हती, म्हंजी ह्यानंच उकरलं," तो म्हणाला. "न्हाय दावलं तर म्हनशिला, लपीवतुया. मी काय करू? जागा घरात ठावी हाय. घरानंच सांगावं."

त्यानं पडवीकडं बघितलं नाही. एकदाही नाही. बघितलं असतं तर मला निदान त्याचा राग तरी करता आला असता. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांत, ती पावलं कुणाची होती हे ठाऊक असलेली माणसं दोनच, तो आणि मी. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर तो तिथंच सुटला असता.

मला काय करायचं होतं? दोन पावलं पुढं जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की ती पावलं माझी आहेत. मी ते मनात कितीदा म्हटलं. पण पुढं सासूबाईंची पाठ होती. ही पेवावर गेली होती, असं कळल्यावर ती पाठ कशी वळेल, ते तोंड काय बोलेल, आडावरच्या बायका काय बोलतील, सगळं मला दिसत होतं. बैल, विहीर, मूल, आणि आता पेव. मला वाटलं, थांबावं, कुणीतरी दुसऱ्या ठिकाणी खणेल, आपोआप निस्तरेल. भित्र्या माणसाला नेहमी असंच वाटतं, की आपोआप निस्तरेल.

माझ्या दिरांनी चोर हा शब्द वापरला. यजमानांनी त्यांना अडवलं नाही. मग धनगरानं गळ्यातल्या पिशवीतून भंडारा काढला, कपाळाला लावला, चिमूटभर जिभेवर ठेवला आणि बिरोबाचं नाव घेतलं. "ज्याला ठावं हाय त्यो ह्या चावडीत तोंड उघडंस्तवर," तो म्हणाला, "ह्या गावच्या पान्याचा थेंब माज्या घशाखाली जायचा न्हाय." त्याच दुपारी त्यानं मेंढरं हलवली. ओढा ओलांडून मोगलाईत गेला.

नंतरचे आठ दिवस मी भाकरी खाल्ली त्याची मला अजून लाज वाटते. घरात पीठ मापून निघायला लागलं. सासूबाई स्वतः अर्धी भाकरी खाऊन पुरुषांना वाढायच्या. त्या दुष्ट होत्या असं मी कधी म्हणणार नाही. नवव्या दिवशी बैलांची एक जोडी बार्शीच्या बाजारात न्यायचं ठरलं, आणि त्या गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेला कवटाळून रडल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसले असताना मला सुचलं. खरं बोलायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नव्हतं, पण खोटं बोलायची अक्कल होती. चार बुकं शिकल्याचा तेवढा उपयोग झाला. मी जातं थांबवून सासूबाईंना सांगितलं, मामंजी स्वप्नात आले होते. म्हणाले, माझी पावलं मोजू नका, सुनेची मोजा.

मी मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलेन हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांनीच यजमानांना उठवलं. गाव पुन्हा पारापाशी जमला. मेलेल्या वडीलधाऱ्याचा हुकूम म्हटल्यावर बाईच्या सावलीचा नियम कुणाला आठवला नाही. सासूबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, मला हळदकुंकू लावलं, आणि मी सगळ्या गावादेखत पारापासून चालायला लागले. आता मी तेव्हापेक्षा थोडी वाढले होते, म्हणून मुद्दाम पाऊल आखूड टाकत होते. चाळिसाव्या पावलावर थांबले. तिथं खणलं. फरशी लागली. दिवा आत सोडला तो तोंडाशीच विझला, आणि माणसांनी आनंदानं आरोळी ठोकली. दुसऱ्या दिवशी पेवात नीट वारा खेळू दिल्यावर माणूस उतरला. ज्वारी होती. मोत्यासारखी होती, तिला पेवाचा तो उग्र वास मात्र येत होता. त्या वासाची भाकरी आम्ही पुढं वर्षभर खाल्ली, शेजारच्या चार घरांनाही दिली.

पायगुण हा शब्द मी पुन्हा कधी ऐकला नाही, किंवा ऐकला तो उलट्या अर्थानं. ज्या बायका मला बघून गप्प व्हायच्या त्या नव्या घागरीला माझा हात लावून न्यायला लागल्या.

यजमान सरळ माणूस. त्यांना धनगराची फार खंत वाटली. दिरांना घेऊन ते दोन दिवस मोगलाईत हिंडले, पण भेट झाली नाही. शेवटी दुधनीच्या बाजारात दुसऱ्या एका धनगराबरोबर निरोप पाठवला, की आमची चूक झाली, दाणा सापडला, या, रान तुमचंच आहे. उलट निरोप आला तो असा: दाना सापडला, बरं झालं. पर बोलाय पायजे त्यानं चावडीत बोलावं, मग पानी पिईन.

घरात सगळे बुचकळ्यात पडले. बोलायचं कुणाचं राहिलंय? यजमान म्हणाले, मालकांनी सांगायचं होतं, ते स्वप्नात येऊन सांगून गेले, आता मेलेला माणूस चावडीत कसा बोलणार? दीर म्हणाले, अडाणी माणूस, त्याची शपथ त्यालाच कळत नाही. मी चुलीपाशी होते. माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत. आता त्या मला काहीच बोलत नसत.

आमच्या रानात मग दुसऱ्यांची मेंढरं बसली. ते पाच दिवस बसवायचे आणि तीन दिवसांचं खत पडायचं. यजमान बांधावर एकटेच जाऊन बसत. तो मात्र दर वर्षी फाल्गुन-चैत्रात त्याच सुमाराला माळावरून उतरायचा, पण गावाला मोठा वळसा घालून ओढ्याच्या पलीकडच्या काठानं जायचा. माळवदावरून मला नुसता धुरळा दिसायचा. दर वर्षी मी तो धुरळा बघायची आणि ठरवायची, यंदा सांगायचं. त्यात माझी दोन मुलं झाली, जगली. मग वाटायला लागलं, आता मुलांच्या तोंडाकडं बघून तरी गप्प बसावं. गप्प बसायला कारण लागलं की ते कुठूनही सापडतं.

चौथ्या वर्षी ऊन फार होतं. ओढ्याच्या पात्रात नुसती वाळू होती. दुपारी धुरळा दिसला तशी मी उठले, आडावर जाऊन पितळी कळशी भरली आणि कुणाला न सांगता ओढ्याकडं निघाले. पात्र ओलांडताना पाय भाजत होते. तो एका बाभळीखाली बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते. बाजूला चार-पाच कोकरं धापा टाकत पडली होती. मला बघून तो उभा राहिला.

मी कळशी पुढं केली. त्यानं विचारलं, "कुटल्या आडाचं, अक्का?"

खोटं बोलता आलं असतं. पलीकडच्या गावातून आणलं म्हणता आलं असतं, तो प्याला असता. तेवढं एक खोटं मी बोलले नाही. म्हटलं, गावच्याच.

त्यानं कळशी घेतली, घोंगडीवर एक चेपलेलं घमेलं होतं त्यात सगळं पाणी ओतलं आणि कोकरांपुढं सरकवलं. "त्येनी शपत घेतलेली न्हाय," तो म्हणाला. कोकरं पाणी पीत होती तेवढा वेळ तो त्यांच्याकडं बघत होता. त्याचे ओठ फुटलेले होते. मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी कोकरांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

मग रिकामी कळशी माझ्या हातात देताना तो म्हणाला, "मालक सपनात आलं व्हतं म्हनं तुमच्या."

मी मान हलवली.

"बरं दिसत व्हतं का?"

त्याच्या आवाजात टोमणा होता का, हे मी किती वर्षं तपासून बघते आहे. मला वाटतं, नव्हता. त्यालाही मामंजींची आठवण येत असणार. त्या पावसात आम्ही तिघं होतो. त्यातलं एक माणूस गेलं होतं आणि उरलेली दोन समोरासमोर उभी होती. माझ्यासाठी ज्यानं आपलं पाणी तोडलं त्या माणसापुढं तरी मला खरं बोलता यायला हवं होतं. तिथं सासूबाई नव्हत्या, चावडी नव्हती, कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "व्हय. बरं दिसत व्हतं."

त्यानं मान हलवली, काठी उचलली आणि मेंढरांना हाक दिली. पुढच्या वर्षी धुरळा दिसला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. तो कुठं गेला, त्याचं काय झालं, मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर, तुला कशाला पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

तोवर गावात एक नवी रीत पडली होती. पेव झाकलं की पावलं घरच्या सुनेनं मोजायची. तिच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, आणि मग ती पारापासून चालणार. आमचं बघून एकानं केलं, मग दुसऱ्यानं, आणि पाच-सहा वर्षांत ती रीत जणू पूर्वापार असल्यासारखी झाली. धान्य भरायच्या दिवसांत मला मानानं बोलावणं यायचं, आणि पहिल्यांदा पेवावर जाणाऱ्या पोरींना मी पाऊल कसं टाकायचं ते दाखवायची.

एकदा शेजारच्या घरात नवी सून आली. चुणचुणीत होती, वैरागकडचीच, माझ्यासारखी थोडं शिकलेली. पेवावर जायच्या आधी माझ्या पाया पडायला आली आणि विचारायला लागली, की ही रीत कशी सुरू झाली, तुमच्या स्वप्नात नक्की काय आलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. भ्यावं असं आता गावात कुणीच उरलं नव्हतं, आणि ही पोर तर माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. हिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत चावडीत पोचलं असतं.

मी तिला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, की पहाटेची वेळ होती, मामंजी दारात उभे होते, चेहरा शांत होता. फेट्याचा रंग कसला होता, असं तिनं विचारलं, तर तोही सांगितला.